पाटीवर आज काय?

(कोल्हापुरात शुक्रवार पेठेत गेली चौदा वर्षं स्वतःचं हॉटेल चालवणाऱ्या शेफताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी आम्ही सहकुटुंब अंबाबाईच्या दर्शनाला आलो होतो. तुमच्याकडच्या काकवी-भाकरीबद्दल ऐकून मुद्दाम जेवायला आलो, तर “काकवी संपली, आता दिवाळीनंतर” असं उत्तर मिळालं. बाहेर दुकानात काकवीच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. मग तुमच्याकडेच का नाही? – एक वाचक, पुणे

एवढ्या लांबून येऊन तुम्हाला तसंच परत जावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. बाटलीतली काकवी वाईट असते असं मी म्हणणार नाही. नीट आटवलेली आणि कोरड्या बाटलीत भरलेली असेल तर ती चांगली टिकते, घरी जरूर न्या. पण आमच्या पाटीवर ‘काकवी-भाकरी’ लिहिलेलं असतं ते त्या दिवशीच्या काकवीसाठी. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून पहाटे दोन किटल्या भरून येतात, त्या दुपारच्या पंगतीपर्यंत कोमट असतात.

तुम्ही गुऱ्हाळ बघितलं नसेल तर पुढच्या खेपेला बघाच. चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात आणि वर काहिलीत रस असतो. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करतात आणि ते बुळबुळीत पाणी रसात सोडतात. त्यानं मळी वर येते. ती काढत राहायची, नाहीतर गूळ काळा पडतो. मग रसाचा रंग बदलत जातो. बारीक फेसाचे मोठे बुडबुडे होतात आणि ते जड होऊन ‘बद् बद्’ फुटायला लागतात. गूळ व्हायला थोडा अवकाश असताना गुळव्या त्यातनं दोन-चार डाव बाजूला काढतो. ती काकवी. तिला चिपाडाच्या धुराचा किंचित वास असतो. भाकरीचा पापुद्रा उचलायचा, आत तूप सोडायचं आणि त्यावर ही काकवी. एवढाच तो पदार्थ.

आता ती का संपते? आमच्याकडे गुऱ्हाळं दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतात. पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात. होळीनंतर एकेक गुऱ्हाळ विझायला लागतं. उन्हाळ्यात रानात राहिलेल्या उसातली साखर उतरते, त्याचा गूळ मऊ पडतो आणि काकवीलाही ती चव राहत नाही. चुलवाण थंड झालं की मी पाटी पुसते. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी. एवढं ज्याचं नाव, त्याची शिळी चव पाहुण्याच्या ताटात वाढायला माझा हात धजत नाही. दिवाळीनंतर या. निघण्याआधी एक फोन करा, तुमच्यापुरती काकवी मी बाजूला काढून ठेवते.

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीझनल मेन्यू करा असं प्रोजेक्ट मिळालंय. तुम्हाला नवीन पदार्थ कसे सुचतात? – एक विद्यार्थी, गडहिंग्लज

बाळा, सुचत काही नाही. विचारावं लागतं. पावसाळ्यात मी सकाळी कपिलतीर्थ मंडईत जाते. राधानगरी, गगनबावड्याकडच्या बायका बुट्ट्या घेऊन बसलेल्या असतात. “मावशी, आज काय गावलं?” एवढंच विचारायचं. टाकळा, कुर्डू, भारंगी, पाथरी, जे असेल ते बघायचं, हातात घ्यायचं. आणि दुसरा प्रश्न विसरायचा नाही : “घरात कशी करता?” भारंगीचा कडवटपणा उकडून, पिळून काढायचा आणि मग ती वालाबरोबर शिजवायची, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मंडईत शिकले.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते तू करू नकोस. मुंबईच्या मोठ्या हॉटेलातली आठ वर्षांची नोकरी सोडून आले होते, तिथली सवय अंगात होती. ‘श्रावण थाळी’ असं जाड कागदावर छापलं, तीस दिवसांचं एकच ताट, त्यात रोज टाकळा. पहिल्या आठवड्यात लोकांनी मागून मागून खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात एक वयस्कर गृहस्थ जेवायला आले. सगळं ताट स्वच्छ केलं, फक्त टाकळा तसाच ठेवला. मी जवळ गेले तर हळू आवाजात म्हणाले, “पोरी, हा टाकळा फुलावर आलाय.” मी आत जाऊन उरलेल्या जुड्या सोडल्या. पानांच्या बेचक्यात पिवळ्या कळ्या दिसत होत्या. तीन आठवडे मी तो निवडत होते आणि कळ्या मला दिसल्याच नाहीत, कारण छापलेल्या कागदावर टाकळा होता. त्याच दिवशी कार्डं रद्दीत घातली आणि काळी पाटी आणली.

तेव्हापासून जुडी घेताना देठाला नख लावून बघते. कट्कन तुटला तर घ्यायचा, दोरा निघाला तर राहू दे. टाकळा ज्येष्ठ-आषाढातला, पहिल्या पावसानंतरचा कोवळा. त्याला कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं आणि काही नको. एक बुट्टी भाजी शिजून एवढीशी होते, पंधरा-सोळा वाढपं. म्हणजे त्या दिवशी पाटीवर ‘टाकळा – १५’ लिहायचं. सोळाव्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं जिवावर येतं, पण म्हणायचं. प्रोजेक्टमध्ये हे लिही : बारा महिन्यांचा तक्ता करण्याआधी आजीकडून तिचा तक्ता उतरवून घे. चैत्रात आंब्याची डाळ, उन्हाळ्यात चटणीचं कांडप, थंडीत हुरडा आणि पावट्याच्या शेंगा. गडहिंग्लजला आहेस, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ तुझ्या दारात पिकतो. त्यावरच एक ताट उभं कर. भात शिजताना घरभर वास सुटतो, त्याच्यापुढं जड मसाल्याचं काही ठेवू नकोस.

आणि मावशीशी भावावरून घासाघीस करू नकोस. ती डोंगरात चिखलातून फिरून ते वेचून आणते.

प्रश्न : पांढरा रस्सा दर वेळी फुटतो. पाणी वेगळं आणि वर चोथा. शिवाय रंगही पिवळट येतो. काय चुकतं? – एक गृहिणी, सातारा

ताई, दोन वेगळ्या चुका आहेत. पिवळेपणा हळदीचा. आपण सवयीनं सगळंच मटण हळद लावून शिजवतो. पांढऱ्यासाठी नळ्या आणि थोडं हाडाचं मटण वेगळ्या पातेल्यात घ्या. आलं-लसूण, मीठ आणि पाणी, हळद अजिबात नको. मंद आचेवर शिजू द्या, वर येणारा फेस काढत राहा. मटण शिजलेलं हे पाणी, म्हणजे आमच्याकडचं ‘आळणी पाणी’, जेवढं चांगलं, तेवढा रस्सा चांगला.

फुटतो तो आचेनं. खसखस, पांढरे तीळ आणि काजू भिजवून अगदी गंधासारखं वाटा. कण राहिला तर जिभेला लागतो. तुपात लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा टाका, त्यावर हे वाटण परता, पण रंग बदलू देऊ नका. मग आळणी पाणी घालून एक उकळी आणा. आता गॅस बारीक करा, रस्सा शांत होऊ द्या, आणि मगच नारळाचं घट्ट दूध धारेनं सोडत ढवळा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचं. यानंतर उकळी फुटली तर रस्सा गेलाच समजा. झाकणही लगेच ठेवू नका, आतल्या वाफेनं तो पुन्हा तापतो. पाहुणे उशिरा येणार असतील तर दूध वेगळं ठेवा आणि वाढायच्या आधी घाला. आम्ही हॉटेलात रोज हेच करतो, सकाळी कधीच पूर्ण करून ठेवत नाही.

प्रश्न : ‘व्हेज कोल्हापुरी’ची अस्सल पाककृती द्याल का? – एक वाचक, नाशिक

ती भाजी आमच्या घरात कधी शिजली नाही, म्हणून देऊ शकत नाही. शाकाहारी खायचं तर अख्खा मसूर, भरलं वांगं, झुणका, खर्डा आणि भाकरी मागा. आणि कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ हा समज मला फार लागतो. तांबड्याच्या शेजारी पांढरा असतो तो जिभेला निववायलाच.

प्रश्न : माझं माहेर मंगळवार पेठेतलं, आता मुंबईत असते. आखाडात गल्लीगल्लीत त्र्यंबोलीची यात्रा असते. तेव्हा तुमच्या हॉटेलात गर्दी असते का हो? – एक वाचक, डोंबिवली

तुमचं पत्र वाचून माझ्या कानात पी ढबाक वाजायला लागलं! आषाढातल्या मंगळवारी, शुक्रवारी आमच्याकडे टेबलं रिकामी असतात, आणि मला त्याचं जराही दुःख नाही. पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन पोरी पुढं, मागं अख्खी गल्ली, त्र्यंबोलीच्या, म्हणजे आमच्या टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन पायऱ्यांवर पाणी ओतायचं, आणि मग गल्लीत खारा, म्हणजे मटणाचा नैवेद्य. कुणाच्या घरी वाटा जातो, कुठं मोठ्या पातेल्यात रस्सा शिजतो. त्या दिवशी पैसे मोजून मटण खायला कोल्हापूरकर हॉटेलात कशाला येईल? आमचे दोन्ही आचारी आपापल्या गल्लीत चुलीजवळ असतात. मी त्यांना सुट्टीच देते. गेल्या साली मीसुद्धा आमच्या गल्लीत कांदे चिरायला बसले होते. वीस बायका, एक सतरंजी, एक पोतं कांदे. तिखटमिठावरून जे वाद झाले ते लिहीत नाही, पण रस्सा असा झाला होता की माझ्या हॉटेलात मला तो अजून जमलेला नाही.

प्रश्न : माझं वय ७८. पूर्वी सौंदत्तीच्या रेणुकेच्या यात्रेहून परतल्यावर आंबील-घुगऱ्या व्हायच्या. आता सुनेला शिकवायची आहे, पण प्रमाण आठवत नाही. – एक आजी, इचलकरंजी

आजी, नमस्कार. मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रेचा नैवेद्य घेऊन मीही जाते. डब्यात वरणं-वांगं, मेथीची भाजी, भाकरी, दही-भात, कांद्याची पात, गाजर, आणि आंबील असतेच. त्या दिवशी हॉटेल बंद असतं, म्हणून आंबील आमच्या पाटीवर कधी आली नाही, येणारही नाही. प्रमाण मात्र सांगते, माझ्या आईचं आहे.

एक वाटी ज्वारीचं पीठ रात्री दोन वाट्या पाण्यात कालवून मडक्यात किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. सकाळी आंबूस वास आला पाहिजे. थंडी फार असेल तर चुलीच्या उबेला ठेवा. चार वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ हळूहळू सोडा, सूनबाईंना ढवळत राहायला सांगा, थांबलं की गुठळी होते. कच्चा वास गेला आणि चकाकी आली की उतरवा. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं घाला. कोमट झाल्यावर दोन वाट्या ताक घाला, आधी नको. गरम आंबिलीत ताक फाटतं.