बंधाऱ्यावरचे फूट आणि ओढ्यावरचं पाणी

प्रश्न : आमचं गाव पंचगंगेला मिळणाऱ्या ओढ्याकाठी आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे दर पावसाळ्यात ऐकतो. पण कधी नदी इशाऱ्याच्या बरीच खाली असताना आमचा फरशी पूल बुडतो, तर कधी गावात उघडीप असताना पाणी चढत राहतं. आम्ही कोणता आकडा धरायचा?
(वाचक, करवीर तालुका)

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळे पूर येतात. पहिला ओढ्याचा स्वतःचा. समजा पाणलोट 10 चौरस किलोमीटर आहे. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 5 लाख घनमीटर पाणी पडलं. जमीन आधीच भिजलेली असेल आणि त्यातलं निम्मं तीन तासांत वाहून आलं, तर ओढ्याला सरासरी 800 क्युसेकच्या (सेकंदाला 800 घनफुटांच्या) वर पाणी येतं. बंधाऱ्यावरच्या आकड्यात हे दिसणारच नाही. हा पूर तासांत चढतो आणि तासांत उतरतो. पाणी जोरात असतं, काटक्या-ओंडके खाली धावतात.

दुसरा नदीच्या फुगीचा. राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस लागला की पंचगंगा चढते आणि ओढ्याचं तोंड दाबते. तेव्हा पाणी संथ असतं, कचरा जागीच फिरतो किंवा उलटा वर सरकतो. नरसोबावाडीजवळ, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णाही भरलेली असेल तर पंचगंगेलाच वाट मिळत नाही, मग मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल रानातलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही.

म्हणून गावाची स्वतःची पट्टी हवीच. उन्हाळ्यात पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे ओंडके आदळत नाहीत, तिथे तळाला शून्य धरून दर 10 सेंटिमीटरला ऑइल पेंटची खूण करा. पुलापेक्षा उंच मापं चढावरच्या भिंतींवर न्या. गवंड्याची पाणनळी (समपातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) त्याला पुरते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. 2019 आणि 2021 च्या पुराच्या गाळाच्या रेघा भिंतींवर अजून दिसत असतील तर त्याही याच पट्टीत मोजून लिहून ठेवा.

मग पट्टीवर परिणाम लिहा : किती सेंटिमीटरला पाणी उपसायच्या मोटारी बुडतात, कितीला फरशी पूल, कितीला पहिला गोठा, कितीला पहिलं घर. तुमच्या खऱ्या इशारा आणि धोका पातळ्या याच. वहीत वेळ, पट्टी, पाऊस आणि बंधाऱ्याची पातळी शेजारी शेजारी लिहीत जा. ओढ्याच्या पुरात तासाला, फुगीत तीन तासांना. दोन-तीन पावसाळ्यांत बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमचं तोंड दाबलं जातं ते कळेल. बंधाऱ्यावरचे फूट तिथल्या शून्यापासून मोजलेले असतात, ती तुमच्या पुलावरची खोली नव्हे.

पाणी तासाला 10 सेंटिमीटर चढतंय आणि गोठ्याला 60 उरलेत, तर हिशेबाने सहा तास मिळतात. जनावरं तीन तासांतच हलवा, कारण वरच्या अंगाला पाऊस वाढला की हा वेग दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. फरशीवरून 15 सेंटिमीटर वाहतं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, 30 सेंटिमीटरमध्ये छोटी चारचाकी तरंगू लागते. शिवाय खालची फरशी खचली आहे का ते गढूळ पाण्यातून दिसत नाही. तिथे दोर बांधून जाण्याचं धाडस नको.

प्रश्न : बुडालेली मोटार पाणी उतरल्यावर किती दिवसांनी चालू करावी?

उत्तर : दिवस मोजू नका, इन्सुलेशन मोजा. पाण्याबाहेर बसवलेली मोनोब्लॉक (मोटार-पंप एकत्र) असेल तर खोलून गोड्या पाण्याने गाळ धुवा, वाइंडरकडे वाळवा आणि 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) निदान 1 मेगओहम आल्याशिवाय जोडू नका. बेअरिंग गाळाने खराब होतात, ती बदला. पाणबुडी मोटारीला पाण्याचं भय नसतं, पण तिचा स्टार्टर आणि केबलचे जोड बुडालेले असतात. बहुतेकदा वाइंडिंग जळतं ते ओल्या स्टार्टरमुळे एक फेज गेल्यावर. आधी पेटी पूर्ण वाळवून काँटॅक्ट साफ करा, तिन्ही फेज तपासा, मगच बटण दाबा.