टॅटू काढला, गोंदला की गोंदवून घेतला?

विचारणा अशी आहे: "बाबा गेल्यावर त्यांच्या एका चिठ्ठीतली ओळ, त्यांच्याच अक्षरात, मी डाव्या हातावर टॅटू म्हणून काढून घेतली: 'पोचलीस कि कळव'. मावशी म्हणते, टॅटू काय म्हणतेस, आपला 'गोंदण' शब्द आहे की. मैत्रीण म्हणते, गोंदण म्हणजे आजीच्या कपाळावरचं, हा टॅटूच. काका म्हणाले, अंगाला कायमचा डाग लावून घेतलास. चुलतभावानं त्यात शुद्धलेखनाची चूक दाखवली. आणि 'टॅटू काढला' असं म्हटलं की आईला वाटतं, काढून टाकला. मी नेमकं काय म्हणायचं?"

सुरुवात आईंपासून करू. त्यांचा गोंधळ अगदी रास्त आहे.

'काढणे' हे मुळात ओढून बाहेर आणण्याचं क्रियापद. प्राकृतातल्या 'कड्ढ'पासून ते आपल्याकडे आलं. विहिरीतून पाणी काढतात, गाईचं दूध काढतात, पायातला काटा काढतात. आतली वस्तू बाहेर आली की ती होती तिथून जाते आणि त्याच वेळी नजरेसमोर येते. मराठीनं या दोन्ही बाजू धरल्या आणि अर्थ दोन अंगांनी वाढत गेला. कपडे काढले, जळमटं काढली, नोकरीवरून काढलं, यात जाणं आहे. रांगोळी काढली, चित्र काढलं, फोटो काढला, यात प्रकट होणं आहे. एरवी घोटाळा होत नाही, कारण काढलेल्या वस्तूला घालवायला वेगळं क्रियापद हजर असतं. रांगोळी पुसतात, चित्र खोडतात, मेंदी आपोआप उतरते.

गोंदणाला असं क्रियापद मराठीत कधी घडलंच नाही. ते कुणी घालवत नव्हतं, मग त्यासाठी शब्द कशाला लागेल? लेझर आल्यावर पहिल्यांदा त्याची गरज पडली, आणि ती जागाही 'काढणे'नंच घेतली. आज 'तिनं टॅटू काढला' या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांच्या नेमके उलट आहेत. म्हणून तुमच्या आईंना जे ऐकू येतं ते व्याकरणाला धरूनच आहे.

तरी रोजच्या बोलण्यात आपण यातून वाट काढतो, आणि ती वाट बघण्यासारखी आहे. 'हातावर टॅटू काढला' म्हटलं तर तो नव्यानं आला. 'हातावरचा टॅटू काढला' म्हटलं तर होता तो गेला. सगळा फरक एका 'चा'चा. 'भिंतीवर चित्र काढलं' आणि 'भिंतीवरचं चित्र काढलं' या जोडीतही हेच घडतं. 'हातावर' हा शब्द क्रियापदाला चिकटतो आणि क्रिया कुठे झाली ते सांगतो. 'हातावरचा' हा टॅटूला चिकटतो, म्हणजे टॅटू तिथे आधीपासून होता हे गृहीत धरतो. कुणी शिकवलेलं नसताना आपण हा फरक पाळतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

जोडक्रियापदं मात्र इथे सारखी मदत करत नाहीत. 'काढून टाकला' म्हणजे गेलाच, त्यात शंका नाही. पण तुम्ही लिहिलेलं 'काढून घेतला' पुन्हा दुटप्पी आहे. कुणाकडून तरी करवून घेतला असा तुमच्या मनातला अर्थ त्यात आहे, तसाच 'त्याच्याकडून पुस्तक काढून घेतलं' मधला परत घेण्याचा अर्थही आहे. टॅटू घालवण्याबद्दल बोलायचं असेल तर मी 'घालवणे' हेच सुचवेन: 'लेझरनं टॅटू घालवला'. 'पुसला' पटत नाही. लेझरचा झोत त्वचेखालच्या रंगाच्या कणांचे बारीक तुकडे करतो आणि मग शरीरातल्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात. त्याला अनेक बैठका लागतात, आणि बऱ्याचदा पुसट खूण मागे राहतेच.

आता 'गोंदणे'कडे येऊ. हिंदीत 'गोदना' म्हणजे टोचणंही आणि गोंदणंही. मराठीत अनुस्वार आला आणि शब्द या एकाच कामापुरता राहिला. सुई टोचून कातडीखाली रंग भरणं, एवढंच 'गोंदणे'. शेजारच्या भाषांनी हीच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी पाहिली आहे. तमिळमध्ये 'पच्चै कुत्तुदल' म्हणतात, म्हणजे हिरवं टोचणं. तेलुगूत 'पच्चबोट्टु', म्हणजे हिरवा ठिपका. आपल्याकडेही 'हिरवं गोंदण' हे शब्द जोडीनंच येतात. वास्तविक जुन्या गोंदणात भरत ती काजळी, म्हणजे शुद्ध काळा रंग. पण तो त्वचेच्या आडून दिसतो तेव्हा निळसर-हिरवट होतो. तमिळ-तेलुगूनं तो हिरवेपणा नावातच घेतला. मराठीनं नावात टोचण्याची क्रिया ठेवली आणि हिरवा रंग विशेषणावर सोपवला.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला या क्रियापदाच्या रूपांत दिसतो. जुन्या बायकांना विचारलं तर त्या सांगतात, 'मला लहानपणी गोंदलं.' या वाक्यात 'मला' हे कर्म आहे. गोंदणारी बाई आली, घरच्यांनी पोरीला धरून बसवलं, कपाळावर, हनुवटीवर ठिपके उठले. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि वाक्यही तसं सोंग आणत नाही. याच बायका थोरपणी स्वतःहून गेल्या असतील तर मात्र वाक्य बदलतं: 'मी भावाचं नाव गोंदवलं', 'मी तुळस गोंदवून घेतली'. आता 'मी' कर्त्याच्या जागी आहे. 'गोंदणे' हे सुई धरणाऱ्याचं काम. 'गोंदवणे' हे प्रयोजक रूप, दुसऱ्याकडून करवण्याचं. आणि 'घेणे' जोडलं की ते स्वतःसाठी, स्वतःच्या इच्छेनं झालं हे स्पष्ट होतं.

यावर कुणी म्हणेल, 'मी केस कापले' म्हणताना कात्री आपल्या हातात नसते, 'घर बांधलं' म्हणताना आपण विटा रचत नाही, मग 'मी गोंदलं' म्हटलं तर काय बिघडलं? काहीच नाही, मराठीत ते चालतं. पण केस पुन्हा वाढतात. जन्मभर राहणाऱ्या गोष्टीबद्दल सांगताना ती कुणाच्या इच्छेनं झाली हे वाक्यात यावं असं मला मनापासून वाटतं, कारण गोंदण लादलंही गेलं आहे. ब्रिटिश अमलात बंगाल प्रांतात कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत. ही शिक्षा १८४९ साली बंद झाली. तिलाही 'गोदना'च म्हणत. ग्रीकमध्ये 'स्टिग्मा' म्हणजे टोचून उठवलेली खूण. तीही गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावर असे, आणि पुढे त्या शब्दाला कलंकाचा अर्थ चिकटला तो याच वापरातून. क्रिया तीच, सुई तीच. 'गोंदलं गेलं' आणि 'गोंदवून घेतलं' यांच्यामधलं अंतर माणसाच्या होकाराचं आहे. तुमच्यासाठी नेमकं वाक्य मला हे वाटतं: 'बाबांच्या अक्षरातली ओळ मी हातावर गोंदवून घेतली.' आईंनाही ते एकाच अर्थानं कळेल.

मावशी आणि मैत्रीण यांच्यात मी थोडा मावशींकडे झुकतो, पण 'टॅटू' हा शब्द हद्दपार करावा असं मला वाटत नाही. तो इंग्रजीच्या घरचाही नाही. १७६९ साली कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला पोचलं, तिथला 'ततउ' हा शब्द खलाशांनी उचलला आणि इंग्रजीनं तो आपल्या तोंडाला येईल तसा केला. (लष्करी संचलनातला 'टॅटू' वेगळा. तो डच भाषेतून आला, दारूच्या पिंपांच्या तोट्या बंद करा अशा अर्थाच्या रात्रीच्या नगाऱ्यावरून. या दोघांचं नातं नाही.) मराठीत येऊन तो लाडू, खडू, चाकू यांच्या रांगेत बसला, म्हणून पुल्लिंगी झाला: तो टॅटू, टॅटूवर, टॅटूचा. 'गोंदण' नपुंसकलिंगी आहे: ते गोंदण, गोंदणाचा, अनेकवचन गोंदणं.

मैत्रिणीचा मुद्दा मात्र पुरता पटत नाही. तिच्या मते गोंदण म्हणजे ठरावीक ठिपके, सगळ्याजणींना सारखे, आणि टॅटू म्हणजे आपल्या मनातलं काही. पण जुन्या हातांवर नुसते ठिपके नसत. भावाचं नाव असे, नवऱ्याचं असे, राम असे, पुरुषांच्या हातावर तर बऱ्याचदा स्वतःचंच नाव. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. आपल्या माणसाची खूण अंगावर वागवण्याची तुमची इच्छा या समजुतीपासून फार लांब नाही. 'गोंदण' हा शब्द गावठी वाटू लागला तो तो मिरवणाऱ्या बायकांकडे आपण जसं पाहिलं त्यामुळे. शब्दात तसं काही नाही. मी स्वतः धंद्याबद्दल बोलताना 'टॅटू' म्हणतो, म्हणजे टॅटूचं दुकान, टॅटूची शाई, टॅटू काढणारा. अंगावरच्या खुणेबद्दल आणि तिच्यामागच्या माणसाबद्दल बोलताना 'गोंदण' म्हणतो. 'टॅटू गोंदवून घेतला' असंही खुशाल म्हणा. नाम पाहुणं, क्रियापद घरचं, आणि अर्थ एकदम स्वच्छ. 'टॅटू बनवला' हे तेवढं टाळावं. ते हिंदीतल्या 'बनवाया'चं जसंच्या तसं रूप आहे.

काकांच्या 'डाग' या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. बोलताना त्यांना दुखवायचं असेल किंवा नसेल, पण शब्द मोठा गुणी आहे. फारसीत 'दाग' म्हणजे तापल्या लोखंडानं उठवलेली खूण. 'गुरं डागणे' त्यातलंच. पुढे तो कपड्यावरचा डाग झाला, चारित्र्यावरचा झाला. पण मराठीत 'डाग' म्हणजे दागिनाही आहे. 'लग्नात चार सोन्याचे डाग घातले', 'डागदागिने' हे आपण म्हणतोच. म्हणजे जे अंगावर आल्यानं माणूस बिघडला असं वाटतं आणि जे अंगावर आल्यानं शोभला असं वाटतं, दोन्हींना मराठीत एकच शब्द चालतो. पाहणारा कोणता अर्थ घेतो हे त्याच्यावर आहे. काकांना हे जरूर सांगा, वाद म्हणून सांगू नका. 'बाबांचं नाव काढलंस' असं त्यांनी एखाद्या दिवशी म्हणावं, आणि त्यातलं 'काढणे' हे तिसरंच, नावलौकिक वाढवण्याचं असावं, असं मला वाटतं.

राहता राहिली शुद्धलेखनाची चूक. भावाचे आक्षेप दोन असणार. 'पोचलीस' नको, 'पोहोचलीस' हवं, हा पहिला. तो टिकत नाही. 'पोहोचणे', 'पोहचणे' आणि 'पोचणे' ही तिन्ही रूपं मराठीत रुळलेली आहेत, आणि घरच्या चिठ्ठीत 'पोचलीस' हेच स्वाभाविक. दुसरा आक्षेप 'कि'चा. नियमानं पाहिलं तर तो बरोबर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनानं स्वीकारले. त्यांप्रमाणे एकाक्षरी शब्दातला इकार-उकार दीर्घ लिहायचा: मी, ती, ही, की, तू. अपवाद 'नि'चा. जुन्या छापील पुस्तकांत तर 'कीं' असं, वर अनुस्वार देऊन येई. ऱ्हस्व 'कि' हे हिंदीतलं लेखन. मराठी हातांतून ते आजही सतत उतरतं, चांगल्या वाचणाऱ्या माणसांच्याही.

पण हा नियम आपण लिहितो त्याला लागू होतो. दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवून घेताना पाळायचा नियम वेगळा आणि तितकाच कडक आहे: मूळ आहे तसं ठेवायचं. जुनं पत्र छापताना जबाबदार संपादक पत्रलेखकाची वेलांटी बदलत नाही. तुमच्या हातावर मराठीतलं एक वाक्य नाही, बाबांचं हस्ताक्षर आहे. त्यांनी 'कि' लिहिला म्हणून तिथे 'कि'च बरोबर. दीर्घ केला असता तर ती वेलांटी टॅटू काढणाऱ्याची झाली असती, बाबांची राहिली नसती.

एक व्यवहाराची गोष्ट. ही ओळ कुठे लेखात किंवा निरोपात टंकून द्यायची वेळ आली तर अवतरणचिन्हांत घाला आणि 'कि' ऱ्हस्वच ठेवा. पुढे कंसात प्रश्नचिन्ह किंवा 'मूळ लेखनाप्रमाणे' असली टीप देऊ नका. अवतरणचिन्हांनी ते काम आधीच केलेलं असतं. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र 'की' दीर्घ लिहा.