फायकस जाड करायला जमिनीत लावलाय? चेंबर जवळ असेल तर हे वाचा

तुम्ही लिहिलंय की नव्या रो-हाउसपुढे दहा बाय बारा फुटांचं अंगण आहे, कडेला ड्रेनेजचं चेंबर आहे, एक छोटं शोभेचं झाड हवंय आणि हळूहळू बोन्सायही करायचेत. नर्सरीवाल्याने वीपिंग फायकस दिला आणि "दोन-तीन वर्षं जमिनीत राहू द्या, खोड जाड झालं की कुंडीत घ्या" असं सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही तो लावलाही. वाचून राहवलं नाही, कारण मी अगदी हेच केलं होतं. पाणी, ऊन, कुंडीची भोकं हे सोडते, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

नर्सरीवाला खोटं बोलला नाही. जमिनीत मुळांना मोकळीक मिळाली की खोड भराभर भरतं, बोन्सायवाले हे करतातच. पण रोपाखाली सपाट फरशी ठेवावी लागते, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पसरतात, आणि दरवर्षी रोप उकरून मुळं छाटावी लागतात. मी फरशी ठेवली. छाटणी पहिल्या वर्षी केली, मग सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं राहून गेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात मोरीचं पाणी तुंबायला लागलं. प्लंबरने चेंबरचं झाकण उचललं तर आत लालसर तंतूंचा हातभर लांब झुपका तरंगत होता, गंगावनासारखा. विटांच्या सांध्यातून पेन्सिलीएवढं एकच मूळ आत शिरलं होतं, आणि पाणी मिळाल्यावर त्याला हे एवढे फाटे फुटले होते. वड-पिंपळ जुन्या भिंती फोडतात ते याच बळावर, आणि फायकस त्यांच्याच कुळातला.

झाड काढायचं ठरवलं तेव्हा खरा त्रास सुरू झाला. महाराष्ट्रात शहरी हद्दीत अंगण आपलं असो, झाड आपण लावलेलं असो, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली ते तोडायला परवानगी लागते. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, तो हवाच. राग आहे तो त्या कार्यालयावर. पहिल्या खेपेला सांगितलं, जागेचा उतारा जोडा. दुसऱ्या खेपेला, फोटोत बुंधा दिसत नाही. तिसऱ्या खेपेला साहेबांची बदली झालेली आणि फाइल सापडेना. झाडावर नोटीस चिकटवून हरकती मागवायच्या असतात, ती चिकटवायला माणूस येईपर्यंत पावसाळा उलटला. काय काय कागद लागतात हे एका चिठ्ठीवर एकदाच लिहून द्यायला पाच मिनिटं लागली असती, ती कुणी दिली नाहीत. अकरा महिने गेले. तेवढ्यात चेंबर दोनदा फोडून बांधलं आणि कंपाउंडच्या भिंतीला तडा गेला. तुमच्या शहरात लोक बरे असतील, नियमही बदलत असतात, तेव्हा माझ्या सांगण्यावर विसंबू नका, तिकडेच विचारा. पण अर्जाच्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. मी पहिल्यांदा घेतली नव्हती.

आता तुमचं. सहा महिन्यांचं रोप अजून सहज निघेल. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की काढा आणि भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये लावा. तळाला जाळी, वर विटांचा चुरा, जाड रेती आणि जुनं शेणखत. काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. मुळं क्रेटच्या भोकांतून बाहेर डोकावली की टोकाशी सुकतात आणि आत नवे तंतू फुटतात. क्रेट मात्र दोन विटांवर उचलून ठेवा. थेट मातीवर ठेवलात तर मुळं पुन्हा जमिनीत उतरतील.

अंगणात मी कुंती लावली असती, काहीजण तिला कामिनी म्हणतात. छाटून दहा-बारा फुटांत राहते, पावसाळ्यात पांढरी फुलं घमघमतात, आणि पानं बारीक असल्याने तिचाच बोन्सायही सुंदर होतो. शेजारी लिंबू असेल तर मात्र नको, लिंबावरची सिट्रस सिला कीड कुंतीवरही पोसते. पारिजातकही चालेल. तामण आणि बहावा माझे लाडके आहेत, पण तुमच्या जागेत ते कोंडतील. हे माझं मत, बागशास्त्र मी शिकलेली नाही.

बोन्सायसाठी जुनिपरवर, म्हणजे त्या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडावर, पैसे घालू नका. त्याला खरी थंडी लागते, आपल्या पठारावर माझे दोन गेले. त्यापेक्षा पन्हाळीत, गच्चीच्या कठड्यात उगवलेली पिंपळ-नांदरुकीची (नांदरुक हाही एक फायकसच) रोपं पावसाळ्यात अलगद काढा. जागाच नसल्याने त्यांची मुळं आधीच चपटी झालेली असतात. नांदरुक त्यातही बरा, पिंपळाचं पान फारसं लहान होत नाही. उंबर, डाळिंब निवडताना एवढं धरून चला की पान आखडतं, फळ आखडत नाही. आणि फांद्यांना वळण द्यायला फायकसला तार बांधलीत तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघा, तेव्हा ती फार लवकर सालीत रुतते.

फायकसचं खोड आणि चेंबर यांत किती फूट अंतर आहे ते मोजून कळवा. चारच्या आत असेल तर जूनची वाट पाहू नका. याच रविवारी संध्याकाळी काढा, निम्मी पानं उतरवा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा.