१९९१ साली फिलिपिन्समध्ये कोणत्या मोठ्या घटना घडल्या?

सगळ्यात आधी पिनाटुबो. सुमारे ५०० वर्षं निपचित पडलेला हा ज्वालामुखी १५ जूनला फुटला आणि नेमकं त्याच दिवशी युन्या वादळ त्याच लुझॉन बेटावर आलं. घात केला तो पावसानं: छपरांवर साचलेली राख पाणी पिऊन जड झाली, छपरं खाली बसली, बरेचसे बळी त्यातच गेले. क्लार्क हा अमेरिकी हवाई तळ इशाऱ्यामुळे १० जूनलाच रिकामा झाला होता.

१६ सप्टेंबरला फिलिपिन्सच्या सिनेटनं सुबिक या अमेरिकी नाविक तळाचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. अमेरिकी तळ ज्वालामुखीनं घालवले असं सर्रास सांगतात; ते क्लार्कपुरतंच खरं.

५ नोव्हेंबरला थेल्मा वादळानं ओर्मोक शहरात अचानक पूर आला, हजारो माणसं गेली. पिनाटुबोहून कितीतरी जास्त, तरी नाव फारसं निघत नाही.