वाचकांचे प्रश्न : शोधनिबंध चार दिवसांत परत का आला?

प्रश्न : ताई, मी इतिहासात पीएच.डी. करते. विषय बडोदा संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. इथल्या कोठी कचेरीच्या अभिलेखागारात, म्हणजे संस्थानच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, मला पालकांचे काही अर्ज सापडले. मूल शाळेत पाठवलं नाही म्हणून झालेला दंड माफ करावा, अशी त्यांत विनंती आहे. त्यावर बेतलेलं प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका इंग्रजी शोधपत्रिकेला पाठवलं. चारच दिवसांत 'आमच्या कक्षेत बसत नाही' एवढ्या दोन ओळींनिशी परत आलं. परीक्षकांकडे गेलंच नाही. माझा पुरावा कच्चा आहे का? आणि तेच आता एकदम दोन-तीन ठिकाणी पाठवून दिलं तर? पहिलं पान सोबत जोडलं आहे. — एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : चार दिवसांत परत आलेल्या लेखाचा पुरावा कुणी तपासलेलाच नसतो, त्यामुळे त्याची काळजी सोडा. मी एका त्रैमासिकाच्या संपादनात बरीच वर्षं काढली. तिथे लेखांचा कधी तुटवडा नव्हता, तुटवडा परीक्षकांचा, म्हणजे छापण्याआधी लेख तपासून मत देणाऱ्या त्या विषयातल्या अभ्यासकांचा. ही मंडळी फुकट काम करतात आणि तीन जणांना विचारावं तेव्हा एखादा हो म्हणतो. म्हणून संपादक आधी पहिलं पान नि सारांश वाचतो, शेवटच्या टिपा चाळतो, आणि यासाठी कुणाचा वेळ मागावा का ते ठरवतो.

आता तुमचं पहिलं पान. 'शिक्षण हा राष्ट्रउभारणीचा पाया आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे हे द्रष्टे आणि प्रजाहितदक्ष राजे होते.' त्यापुढे पान संपेपर्यंत महाराजांचं चरित्र. अर्जांचा पत्ताच नाही! आपण बडोदेकर, महाराजांचं नाव निघालं की हात आपोआप जोडले जातात; माझेही जोडले जातात. पण या विषयावरची पत्रिका चालवणाऱ्या माणसाला अमरेलीतला १८९३ चा सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग ठाऊक असतो, १९०६ साली सक्ती सगळ्या संस्थानात लागू झाली हे ठाऊक असतं, आणि गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण समोर होतं, हेही. त्याच्याकडे नाहीत ते तुमचे अर्ज. तेच तुम्ही लपवून ठेवलेत.

प्रबंधाचं प्रकरण आणि लेख यांत फरक आहे. प्रबंधात तुम्हाला सिद्ध करायचं असतं की मी सगळं वाचलंय. लेखात एकच गोष्ट सांगायची असते आणि ती आठ हजार शब्दांत बसवायची असते. (काही पत्रिका दहा हजार देतात, काही सहाच, लेखकांसाठीच्या सूचना वाचा. त्या न वाचता पाठवलेला लेख संपादकाला एका नजरेत ओळखू येतो.) तुमच्या सारांशाची सुरुवात मी अशी करीन, अर्थात इंग्रजीत : 'बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. या कायद्याकडे आजवर मुख्यतः राज्यकर्त्यांच्या बाजूने पाहिलं गेलं. हा लेख दंडमाफीसाठी पालकांनी केलेल्या अर्जांवरून विचारतो, की ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांनी तिच्याशी कशी घासाघीस केली.' चौथ्या वाक्यात तुमचं उत्तर हवं. 'यावर प्रकाश टाकला आहे' हे उत्तर नव्हे. पालक शेतीच्या हंगामाचं कारण देतात की गरिबीचं, मुलगी असेल तर कारण बदलतं का, अधिकारी कुठलं कारण मान्य करतात, जे काही सापडलं असेल ते तिथेच सांगून टाका. शोधनिबंध म्हणजे रहस्यकथा नव्हे. आणि दुसऱ्या वाक्यातला 'आजवर' हा शब्द फुकट मिळत नाही. ज्यांनी तसं पाहिलं त्या दोन-तीन अभ्यासकांची नावं पहिल्या दोन पानांत आली नाहीत, तर परीक्षक तिथेच पकडेल.

टिपांचं सांगते, कारण तुमच्या पानावरच मला कंसात आडनाव आणि साल दिसलं. विद्यापीठाने प्रबंधाला ही कंसातल्या संदर्भांची एपीए पद्धत लावली असेल, पण इतिहासाच्या बऱ्याच पत्रिकांना तळटिपा लागतात. अर्जाला कुठे आडनाव-साल असतं? पहिल्यांदा अभिलेखागाराचं पूर्ण नाव, मग खातं, दफ्तर क्रमांक, फाइल क्रमांक, अर्जाची तारीख. पुढे फक्त संक्षेप. फाइल क्रमांक एकाही ठिकाणी गाळू नका. उद्या कुणी कोठीत जाऊन तोच अर्ज मागितला तर त्याच्या हाती पडला पाहिजे.

अर्जांतले मूळ गुजराती उतारे द्यायचे असतील तर फॉन्ट तपासा. आपल्याकडे टायपिंगवाल्या भाईंकडून काम करून घेतलं की ते टेराफॉन्ट-वरुण या युनिकोड नसलेल्या जुन्या गुजराती फॉन्टमध्ये येतं. तुमच्या कॉम्प्युटरवर सुरेख दिसतं, पण पत्रिकेची प्रणाली त्याची पीडीएफ बनवते तेव्हा गुजरातीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटते. मराठीत श्रीलिपीचंही तेच. युनिकोडमध्येच टाइप करा, आणि प्रणालीने बनवलेली पीडीएफ उघडून, शेवटच्या पानापर्यंत पाहूनच मंजुरीचं बटण दाबा.

परीक्षकाला लेखक कळू नये अशी इतिहासाच्या बहुतेक पत्रिकांची रीत असते. त्यासाठी मुखपृष्ठावरचं नाव काढलं की झालं, असं मुलांना वाटतं. फाइलच्या गुणधर्मांत तुमचं नाव राहतं. वर्डमध्ये फाइल, इन्फो, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या वाटेने ते काढता येतं. आभार वेगळ्या फाइलमध्ये. 'मी माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' ऐवजी स्वतःचा उल्लेख तिऱ्हाइतासारखा करा.

एकदम दोन-तीन ठिकाणी मात्र मुळीच पाठवू नका. एका वेळी एकच पत्रिका, हा जवळपास सगळीकडचा नियम आहे. क्षेत्र लहान असतं, दोन्ही संपादक एकाच परीक्षकाकडे गेले की भांडं फुटतं आणि दोन्हीकडची दारं बंद होतात. एका ठिकाणाहून नकार लेखी आला की दुसरीकडे पाठवायला तुम्ही मोकळ्या. दुसऱ्या पत्रिकेचे मागचे चार-पाच अंक आधी विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून चाळा. तिथे छापलेल्या एखाद्या लेखाशी तुमचा लेख वाद घालत असेल, तर सोबतच्या पत्रात तसं लिहा. ते पत्र तीन परिच्छेदांत संपवा : लेखाचं नाव आणि शब्दसंख्या, सापडलेली गोष्ट दोन ओळींत, आणि हा लेख प्रबंधातून घडला असून दुसरीकडे विचाराधीन नाही हे. प्रबंध शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढला की नक्कल शोधणाऱ्या साम्य-तपासणीत लेख त्याच्याशी जुळणारच. संपादकाला ते आधी कळलेलं बरं.

प्रश्न : मॅडम, व्हॉट्सॲपवर निरोप आला : 'यूजीसी केअर मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय जर्नल, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर, ७२ तासांत प्रकाशन, फी अठराशे रुपये.' बढतीसाठी पेपर हवा आहे. भरू का पैसे? — एक प्राध्यापक, मांजलपूर

उत्तर : नका भरू सर. केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य पत्रिकांची यादी; ती २०१९ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली. आज तिचा शिक्का मिरवणाऱ्याने यातलं पहिलंच वाक्य खोटं लिहिलंय. आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा आकडा, दर्जाचा दाखला नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे पत्रिकेतल्या लेखांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा; जो मानला जातो तो क्लॅरिव्हेट कंपनी काढते. तसलीच नावं लावून आकडे विकणारी दुकानं वेगळी. आणि ७२ तासांत दोन परीक्षक लेख वाचतील? आमच्याकडे ७२ तासांत परीक्षकाचं उत्तरसुद्धा यायचं नाही.

फी घेतली म्हणजेच पत्रिका बोगस, असं मात्र नाही. वाचकांना फुकट उघडी असलेली कित्येक चांगली नियतकालिकं लेखकाकडून खर्च घेतात. पण ती रक्कम त्यांच्या साइटवर आधीच जाहीर असते, आणि सहसा लेख स्वीकारल्यावरच मागतात. शंका असेल तर तीन कामं करा. ताजा अंक उघडा. काँक्रीट, आयुर्वेद आणि संत तुकाराम एकाच अनुक्रमणिकेत सापडले तर तिथूनच मागे फिरा. संपादक मंडळातलं एखादं नाव घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या पत्रिकेचा उल्लेख आहे का बघा. मग डीओएजे या, वाचायला खुल्या असलेल्या पत्रिकांच्या सूचीत शोधा. नामांकित पत्रिकेचं हुबेहूब नाव लावून खोटी साइट उघडणारेही असतात, म्हणून निरोपातल्या दुव्यावरून न जाता पत्रिका स्वतः शोधून काढा.

तुमच्या विद्यार्थ्यांनाही सांगा : पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही आयोगाची अट २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती कार्यालयात विचारा. ही दुकानं चालतात ती त्या घाईवर.

प्रश्न : ताई, सगळं काम माझं, पण गाइड म्हणतात त्यांचं नाव आधी हवं. काय करू? — नाव नको, निझामपुरा

उत्तर : विषय कोणता ते लिहिलं नाहीत, त्यावर बरंच अवलंबून आहे. प्रयोगशाळेच्या विषयांत प्रयोग करणाऱ्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकाचं शेवटी अशी रूढी आहे, आणि शेवटची जागा मानाची समजतात. इतिहास-भाषेत एकट्याचंच नाव असणं नेहमीचं, मार्गदर्शक आभारात.

लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिल्यात आणि त्या इतर विषयांतही मानतात : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तो गांभीर्याने सुधारणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि लेखाची जबाबदारी. चारही हव्यात. नुसती सही, नुसता निधी किंवा नुसती खुर्ची यांत बसत नाही. सरांनी तुमचा मसुदा ओळ न ओळ तपासला असेल, तर त्यांचा हक्क आहे हेही ध्यानात घ्या.

सरांशी तोंडावर वाद घालू नका. 'ही पत्रिका प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहून मागते, आपल्या दोघांचं काय लिहू?' असं ईमेलवर विचारा. बऱ्याच पत्रिका खरंच तसं मागतात, तेव्हा तुमची पत्रिका मागते का ते आधी पाहून ठेवा. आपलं काम आपल्याच हाताने लिहायची वेळ आली की पुष्कळांचा आग्रह नरम पडतो. जो काही क्रम ठरेल तो लेख पाठवण्याआधी ठरवा. नंतर नावांचा वाद उपटला तर संपादक त्याचा निवाडा करत नाही. तो तुमच्या विद्यापीठाकडे बोट दाखवतो, आणि तिथून उत्तर येईपर्यंत लेख पडून राहतो.