बडोद्यात राहून एखाद्या मुलीला स्वतःची गाणी लिहून गायची असतील, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिता की वय 20 आहे, घर दांडिया बाजारात आहे, गिटारवर स्वतःची आठ-दहा मराठी-हिंदी गाणी तयार आहेत. आधी रेकॉर्डिंग करावं की आधी मुंबई गाठावी, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर पुढचे सहा महिने दोन्ही नको. आधी पट्टी, म्हणजे ‘सा’ कोणत्या स्वरावर धरायचा ते ठरवा, मग ही गाणी माणसांपुढे बसून गा. त्यानंतर रेकॉर्डिंग.

पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नव्या मुलींची गाणी बहुतेक इथेच अडकतात. चाल सुचते ती रात्री, घरचे झोपलेले असताना, दबक्या आवाजात. त्यामुळे गाणं खूप खालच्या पट्टीत जन्माला येतं. तेच चार माणसांत गिटारबरोबर गायलं की मुखडा ऐकूच जात नाही, कारण खालच्या स्वरांत आवाजाला ताकद कमी असते. मग जोर लावला जातो, गळा आवळतो आणि अंतऱ्यापर्यंत आवाज थकतो.

उपाय सोपा आहे. दिवसा, थोडा रियाज होऊन आवाज मोकळा झाल्यावर, हार्मोनियमवर आपला सर्वांत खालचा स्पष्ट स्वर आणि न ओरडता लागणारा सर्वांत वरचा स्वर शोधा. दोन्ही लिहून ठेवा. गाण्यातला सर्वांत उंच स्वर या वरच्या मर्यादेच्या निदान दोन सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या धरून हार्मोनियमची दोन घरं) खाली राहील, अशी पट्टी घ्या. तसं केल्यावर मुखडा फारच खाली जात असेल, तर पट्टीशी झगडू नका, चाल बदला. दीड सप्तकात गाणं छान मावतं.

गिटारवर हे कॅपोने, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्याने जमतं. काळी चार (हार्मोनियमच्या सप्तकातला चौथा काळा स्वर) हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीचे कॉर्ड वाजवा, काळी पाचला तेच कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर, पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटवर डीचे. कॅपो लावल्यावर तारा पुन्हा जुळवा, दाबाने त्या किंचित चढतात. तबलजीला पट्टी दोन दिवस आधी कळवा. प्रत्येक तबला हवा तेवढा चढवता-उतरवता येत नाही, त्याला त्या पट्टीचा तबला घेऊन यावा लागतो. कीबोर्डवाल्याला ‘काळी चार’ कळलं नाही तर ‘जी शार्प’ सांगा.

शब्दांचं एक पथ्य पाळा. ओळ आधी बोलून पाहा, मग टाळी देऊन सहा किंवा आठ मात्रांत बसवा. श्वास शब्दाच्या मध्ये पडला की अर्थ फुटतो. ‘आठवण’मधल्या ‘आठ’वर थांबलात, तर ऐकणाऱ्याला आकडा ऐकू येतो! आणि भाषा पुण्याची करू नका. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात, ते तसेच राहू द्या. ती तुमची खरी बोली आहे, आणि या बोलीतली गाणी मला फार हवीशी वाटतात.

साथीदारांसाठी लांब जायची गरज नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली. तीच आज सुरसागरजवळची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. तिथे तबला, व्हायोलिन शिकणारी तुमच्याच वयाची मुलं-मुली भेटतील. तालमीला बोलवाल तर पैसे आधी ठरवा, थोडे असले तरी चालतील. फुकट आलेला साथीदार तिसऱ्या तालमीला येत नाही.

पहिलं गाणं कुठे गायचं? गणेशोत्सवात वाडीतल्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं मागा. तीन स्वतःची गाणी आणि मध्ये एक सगळ्यांच्या ओळखीचं, एवढं पुरे. अलकापुरी, सयाजीगंजकडच्या कॅफेत अर्धा तास मिळाला तर सहा गाणी धरा, कारण बोलणं आणि तारा जुळवणं यातच पाच-सात मिनिटं जातात. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करा आणि श्रोते कोणत्या ओळीला फोनकडे वळले ते लिहून ठेवा. दोन-तीन ठिकाणी तीच ओळ पडली, तर ती बदलायला हवी.

माइक ओठांपासून तीन-चार बोटांवर धरा. जाळी मुठीत झाकू नका. त्याने माइकची दिशा बिघडते आणि शिट्टी वाजायला लागते. तुम्हाला तुमचाच आवाज ऐकवणारा मॉनिटर स्पीकर माइकच्या पाठीमागच्या बाजूला हवा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रुळलेला साउंडवाला सवयीने भरपूर इको देतो, आणि नव्या गाण्याचे शब्द त्यात विरघळून जातात. ‘दादा, इको अगदी कमी करा आणि शंभर हर्ट्झखालचं कापा’ असं सांगा, तेवढ्याने आवाज पुढे येतो. गिटारची साधी केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब असली की गुणगुण येते. तिथे डीआय बॉक्स मागा, तो गिटारचा आवाज लांबच्या केबलवरून स्वच्छ नेतो.

नवरात्रीत कोरसचं काम मिळेल, आणि घ्यावंही. नऊ रात्री मोठ्या साउंडवर, ताल न सोडता गाणं ही मोठी शाळा आहे. पण त्यात गळ्याची हानीही सहज होते. कानात स्वतःचा आवाज नीट येत नसेल तर माणूस नकळत ओरडतो, म्हणून मॉनिटर पहिल्याच दिवशी मागून घ्या. दिवसा बोलणं कमी ठेवा, पाणी सतत घ्या. कुजबुजू नका, त्यानेही गळ्यावर ताण पडतो. आवाज बसला तर गाणं थांबवा. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. तरुण गायिकांच्या स्वरतंतूंवर गाठी येणं नवं नाही. लवकर कळलं तर बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामाने भागतं.

रेकॉर्डिंगची पहिली पायरी घरीच करा. कंडेन्सर माइक, त्याला 48 व्होल्ट देणारा आणि कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, बंद कानांचे हेडफोन आणि ‘प’-‘फ’ची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर, एवढंच सामान लागतं. माइकपासून 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवा. जाड गोधडी तुमच्या पाठीमागे टांगा. माइक तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणून तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्याला सर्वांत जास्त मिळतो. बहुतेक लोक गोधडी नेमकी उलट्या बाजूला लावतात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. पंखा बंद करावाच लागतो, तेव्हा उन्हाळ्यात पहाटेची वेळ बरी.

आता कागदपत्रं. याचा कंटाळा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ‘ट्रॅक मी फुकट करून देतो’ म्हणणारा अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणारा, पुढे ध्वनिमुद्रणावर हक्क सांगू शकतो. त्यामुळे पहिल्या टेकच्या आधी एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, शब्द-चालीत कोणाचे किती टक्के, ध्वनिमुद्रण कोणाचं आणि कोणाला किती पैसे मिळाले हे लिहून सह्या घ्या. काम संपल्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल मागून घ्या.

1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनंतर, गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला सोडून देऊ शकत नाहीत. तसं कलम करारात दिसलं तर हटवायला सांगा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. ते शोधून वाचा. नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहिलं गेलं की हक्क तुमचाच. तरी नोंदवायचं असेल तर शब्द किंवा चाल यांना प्रत्येकी 500 रुपये आणि ध्वनिमुद्रणाला 2000 रुपये शुल्क आहे. शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969पासून आहे, तिचं सभासदत्व घ्या. गाणं ऑनलाइन अ‍ॅपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून येणारे पैसे ध्वनिमुद्रणाचे असतात. लेखिका म्हणून तुमचा वाटा वेगळ्या वाटेने येतो, आणि अर्ज केला नाही तर तो येतच नाही.

‘संधी देतो, आधी इतके भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. नव्या स्टुडिओत पहिल्यांदा जाताना सोबत कुणाला तरी न्या, आणि सोबतचं माणूस आत बसेल हे फोनवरच सांगा. ज्याला ते खटकेल, तिथे जाऊ नका. कार्यक्रमाचे अर्धे पैसे आधी घ्या आणि रात्री परतायच्या गाडीचा खर्च मानधनाच्या वर, वेगळा मागा.

राहिली मुंबई. रेल्वेने ती सुमारे 390 किलोमीटर आहे. पहाटेच्या गाडीने जाऊन, दुपारी चार तास स्टुडिओत काम करून रात्री परतता येतं. पाच गाणी पट्टीसकट पक्की झाली, त्यांचे कागद तयार झाले, की तिकडच्या अरेंजरला घरचं रेकॉर्डिंग, गाण्याची पट्टी आणि लय पाठवा. दिवस ठरला की मगच तिकीट काढा. खोली भाड्याने घ्यायचा विचार महिन्यातून तीन-चार फेऱ्या व्हायला लागल्यावर करा.