भूलभुलैयाचं सुडोकू: आधी वाट की आधी आकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधं सुडोकू दहा-बारा मिनिटांत सुटतं, पण भिंती आणि उंदीर असलेलं सुडोकू उघडलं की त्यात एकही आकडा दिलेला नसतो. मग आधी वाट शोधायची की आधी आकडे भरायचे? आणि वाट अंदाजाने काढली तर चालतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. माझं पहिलं भूलभुलैयाचं कोडं मी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये उघडलं. भाच्याने लिंक पाठवली होती. खाली "मावशी, हे जमतंय का बघ" असं लिहून एक डोळा मारणारा चेहरा. चित्र पाहिलं आणि वाटलं, यात काय आहे! लहानपणी मुलांच्या मासिकात सशाला गाजरापर्यंत पोहोचवायचो, तेच हे. बोटाने सरळ वाट काढली, तिच्यावर आकडे बसवत गेले, चाळीसेक घरं भरली आणि भायखळ्याच्या आसपास एकाच उभ्या ओळीत दोन ७ समोरासमोर आले. चूक कुठे झाली ते शोधायला काही मार्गच नव्हता, कारण पहिल्या मिनिटाला काढलेली वाटच मुळात मनाची होती. सगळं पुसलं. तर नाही, अंदाजाने चालत नाही. निदान पूर्ण वाट अंदाजाने काढून तर नाहीच.

ज्यांनी ही कोडी पाहिली नसतील त्यांच्यासाठी दोन ओळी. सुडोकूचं आजचं रूप १९७९ साली अमेरिकेतल्या एका कोडी-मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने आलं, हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाचं डोकं. जपानी नाव नंतर चिकटलं. त्यावर वेगवेगळे नियम चढवलेली 'व्हेरिअंट' सुडोकू गेल्या काही वर्षांत फार वाढली, आणि त्याचं बरंचसं श्रेय सायमन अँथनी आणि मार्क गुडलिफ या दोन इंग्रज गृहस्थांच्या 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब वाहिनीला जातं. उंदराची कोडी म्हणजे मार्टी सिअर्स यांची 'रॅट रन' मालिका. फिंक्झ नावाचा उंदीर, त्याला कपकेकपर्यंत पोहोचवायचं. वाट घरांच्या मध्यातून जाते, एका घरात दोनदा जात नाही, भिंत ओलांडत नाही. आणि वाटेवरच्या आकड्यांना एक जादा नियम लागू असतो, तो प्रत्येक कोड्यात वेगळा. सुडोकूचे नेहमीचे नियम आहेतच.

आता आधी वाट की आधी आकडे? मी हिशेबखात्यात काम करते, त्यामुळे मला हे जमा आणि खर्चासारखं दिसतं. एक बाजू पूर्ण लिहून मग दुसरी लिहायला घेतली की दिवसअखेर ताळा जुळत नाही. दोन्ही बाजू एकदमच हलवायच्या असतात. वाटेचा एक तुकडा पक्का झाला की त्यातून एखादा आकडा मिळतो, त्या आकड्याने दुसरीकडचा बोळ बंद होतो, बोळ बंद झाला की वाट आणखी दोन घरं पुढे सरकते.

पण पेन उचलण्याआधी नियम दोनदा वाचा. तिरकं जाता येतं का? बऱ्याच कोड्यांत येतं, पण दोन बाय दोनची मोकळी जागा असेल तरच, आणि कोपऱ्यावर भिंतीचा गोल ठिपका असेल तर मुळीच नाही. वाट स्वतःला छेदू शकत नाही असं म्हटलंय की स्वतःच्या शेजारून जाऊही शकत नाही असं म्हटलंय? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी एक अख्खी रविवार दुपार याच फरकात गेली.

मग भिंती बघायच्या. उंदीर कुठून जाईल हे शोधू नका, कुठून जाऊच शकणार नाही ते शोधा. ज्या घरातून बाहेर पडायला एकच फट आहे आणि जिथे उंदीरही नाही, केकही नाही, ते घर बंद बोळ. राखाडी रंग भरा. ते घर गेलं की शेजारचंही कधीकधी बंद बोळ होतं, तेही भरा. नंतर नऊ चौकटी म्हणजे नऊ खोल्या समजा आणि प्रत्येकीची दारं मोजा. एकाच घराएवढं एकच दार असलेल्या खोलीत उंदीर शिरला तर परत येऊ शकत नाही, कारण दारातलं घर त्याने वापरून टाकलेलं असतं. शिवाय ज्या खोलीत सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, तिच्या उंबऱ्यावरून वाट समसंख्येनेच जाते: जितक्या वेळा आत, तितक्या वेळा बाहेर. ज्या खोलीत दोघांपैकी एकच आहे तिथे विषम. हा ताळा मी दर पाच-दहा मिनिटांनी घालते. कितीतरी वेळा मला त्यानेच वाचवलं आहे.

एवढं करूनही वाट पूर्ण मिळणार नाही. कोडं बनवणाऱ्याने ती मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. इथून आकडे कामाला येतात, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा रेंगाळते.

समजा वाटेचा नियम 'जर्मन व्हिस्पर'चा आहे: वाटेवर लागून येणाऱ्या दोन आकड्यांत निदान ५चा फरक हवा. पहिली गोष्ट, ५ वाटेवर येऊच शकत नाही, त्याच्याजवळ बसायला कुणी लायकच नाही. म्हणजे कुठल्याही आडव्या ओळीत, उभ्या ओळीत किंवा चौकटीत वाट सगळीच्या सगळी नऊ घरं घेत नाही. दुसरी गोष्ट, वाटेवर लहान-मोठा-लहान-मोठा असेच आकडे येतात, लहान म्हणजे १ ते ४, मोठे ६ ते ९. तिसरी गोष्ट बहुतेक नवखे विसरतात: ४ला फक्त ९ चालतो आणि ६ला फक्त १. वाटेच्या मध्येच ४ आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना ९ हवेत. पण ते दोन ९ एकाच चौकटीत किंवा एकाच ओळीत बसू शकत नाहीत. म्हणून ४ आणि ६ वाटेवर आलेच तर चौकटीच्या दारात उभे असतात, आणि वाट तिथे वळलेली किंवा तिरकी गेलेली असते. किंवा मग ते वाटेच्या अगदी टोकाला असतात.

आता हे बघा. मधल्या चौकटीचं केंद्रातलं घर चारही बाजूंनी भिंतीत बंद आहे. वाट वरच्या चौकटीतून खाली उतरून या चौकटीच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात शिरते, तिथून उजवीकडे वळते, केंद्राला पूर्ण प्रदक्षिणा घालून डाव्या बाजूच्या मधल्या घरात येते आणि तिथून डावीकडच्या चौकटीत निघून जाते. एका फेरीत आठ घरं. आकडा एकही दिलेला नाही. तरी बसवून पाहा.

वाटेवर ५ नाही, म्हणजे केंद्रात ५. उरलेले आठही आकडे वाटेवर. ४ आणि ६ दोन दारांत. समजा शिरताना ४ आहे. पुढचा ९. दुसऱ्या टोकाला ६, त्याच्या अलीकडे १. मध्ये चार घरं राहिली आणि २, ३, ७, ८ हे आकडे: ९च्या पुढे लहान, मग मोठा, मग लहान, मग मोठा. ३ आणि ७ शेजारी बसत नाहीत, फरक चारच. ३ जर तिसऱ्या घरात ठेवला, म्हणजे या चारांतल्या दुसऱ्या लहानाच्या जागी, तर त्याच्या दोन्ही बाजूंना ७ आणि ८ येतात आणि ७शी भांडण होतं. म्हणून ३ हा ९च्या लगेच पुढे, मग ८, मग २, मग ७. पूर्ण माळ झाली ४, ९, ३, ८, २, ७, १, ६. दुसरी शक्यता एकच, हीच माळ उलटी. शून्यातून अख्खी चौकट तयार! लोकलमध्ये हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी मोठ्याने "अरे वा" म्हटलं आणि समोर बसलेल्या बाईंनी फोनमध्ये वाकून पाहिलं होतं.

सुलटी की उलटी? ते बाण ठरवतो. 'रॅट रन'मध्ये दोन घरांमधल्या भिंतीत जांभळे बाण असतात. तो एकेरी रस्ता, बाणाच्या दिशेनेच जायचं. आणि बाण नेहमी दोघांतल्या लहान आकड्याकडे तोंड करून असतो. म्हणजे आपल्या नियमात बाण ओलांडताना उंदीर मोठ्या आकड्यावरून लहानावर उतरतो. वरच्या फेरीत पहिल्याच पावलावर बाण असला तर सुरुवात मोठ्या आकड्याने, म्हणजे ६, १, ७, २, ८, ३, ९, ४. बाण दुसऱ्या पावलावर असला तर सुरुवात ४ने. एका बाणावर आठ आकडे ठरले.

याच बाणांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि अडलेल्या कोड्यात मी सर्वांत आधी तीच तपासते. एक बाण ओलांडून उंदीर ज्या घरात उतरतो ते लहान. पुढचा बाण ज्या घरातून सुरू होतो ते मोठं. मग या दोन घरांमध्ये पावलं विषमच पडली पाहिजेत. सरळ बोळातून दोनच पावलं होत असतील तर तो बोळ चुकीचा, किंवा उंदराने कुठेतरी तिरकी उडी मारली आहे. भिंत काही म्हणत नाही, आकडा कुठलाच माहीत नाही, तरी रस्ता बंद.

नियम बेरजेचा असेल तर विचार बदलतो. म्हणजे चौकटींच्या सीमांनी वाटेचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज सारखीच यायला हवी. इथे सर्वांत लहान आणि सर्वांत लांब तुकडा शोधा. वाट एखाद्या चौकटीचा नुसता कोपरा कापून एकाच घरातून गेली तर बेरीज जास्तीत जास्त ९. पण चार घरांची बेरीज कमीत कमी १० (१, २, ३, ४). म्हणजे कुठल्याही चौकटीत वाट सलग चार घरं चालूच शकत नाही, सगळे लांब बोळ एका फटक्यात बाद. असे एका घराचे दोन तुकडे असतील तर दोन्हींत तोच आकडा, म्हणून ते एका ओळीत येऊ शकत नाहीत. आणि लहानात लहान तुकडा दोन घरांचा, लांबात लांब पाचचा असेल तर बेरीज १५, १६ किंवा १७ यांपैकीच, कारण दोन घरांत १७च्या वर जाता येत नाही आणि पाच घरांत १५च्या खाली येता येत नाही. इथे माझ्या पेशाचा फायदा होतो असं मला वाटायचं. भाचा म्हणतो, तसं काही नाही, मावशीला फक्त बेरजा आवडतात.

अंदाजाबद्दल एक सवलत देते. "इथून गेला तर काय होईल" असं मनात म्हणून तीन-चार पावलं चालून पाहायला हरकत नाही, विरोध तेवढ्यात दिसला तर तो तर्कच झाला. कागदावर उतरवायला लागलात की समजा भरकटलात. "उत्तर एकच असतं, म्हणून हे असंच असणार" हा युक्तिवाद मात्र मी वापरत नाही. चुकीचा नाही तो, पण मला ते परीक्षेत बाकावरच्या शेजाऱ्याचा पेपर पाहिल्यासारखं वाटतं. शेवटापासून उलटं येणं मात्र बिनदिक्कत करा. सशाच्या कोड्यात आपण गाजरापासूनच सुरू करायचो, आणि इथे तर केकच्या आसपास बहुतेकदा बोळ कमी असतात.

सुडोकूपॅडवर, म्हणजे ही कोडी ऑनलाइन सोडवायच्या पानावर, सोडवत असाल तर रंगांची आणि रेघ ओढायची सोय आहे, ती वापरा. माझी पद्धत: राखाडी म्हणजे वाट नक्की नाही, हिरवा म्हणजे वाट नक्की आहे, पण कुठून कुठे ते माहीत नाही. रेघ फक्त दोन घरांमधलं पाऊल पक्कं झालं की. व्हिस्परच्या कोड्यात लहान घरांना निळा, मोठ्यांना केशरी. हिरवा आणि रेघ वेगळी ठेवणं फार महत्त्वाचं आहे. घर वाटेवर आहे हे कळणं आणि त्यात कुठून शिरायचं हे कळणं या वेगळ्या गोष्टी, आणि व्हिस्परमध्ये नुसत्या पहिलीवरूनच तिथे ५ नाही एवढं मिळतं.

सुरुवात व्हिस्परच्या कोड्यापासून करा, बेरजेचं नंतर. टेलिपोर्टवाली, म्हणजे एका बिळात शिरून दुसऱ्या बिळातून निघायचं तशी, सध्या लांब ठेवा. त्यांत खोल्यांच्या दारांचा माझा ताळाही बिळं धरून घालावा लागतो. वेळेचं म्हणाल तर मला अजून एका कोड्याला दीड-दोन तास लागतात, म्हणजे जाता-येता एक दिवस. तुमची दहा-बारा मिनिटं इथे विसरा.